समोरचं हॉटेल आणि आमची भेग

समोरचं हॉटेल पाडणार ही बातमी आमच्या इमारतीत सगळ्यात आधी तळमजल्यावरच्या आजोबांना कळली. जिन्यात भेटेल त्याला त्यांनी ती अशा थाटात सांगितली की पाडण्याचं कंत्राट त्यांनाच मिळालंय असं वाटावं. एकवीस मजले. आमच्या खिडकीसमोरचं सगळं आकाश गेली तीस वर्षं त्या एकवीस मजल्यांनी बळकावलं होतं. सूर्य आमच्याकडे साडेअकराला यायचा आणि हॉटेलच्या कडेनं डोकावून, चुकीचं दार वाजवल्यासारखा ओशाळून निघून जायचा.

त्यामुळे नोटीस वाचून मला आनंदच झाला. माझ्या डोक्यातलं पाडकाम म्हणजे एक बटण. हेल्मेट घातलेला माणूस 'तीन, दोन, एक' म्हणतो आणि इमारत गुडघ्यात मोडून मटकन खाली बसते. यात माझा काही दोष नाही, आपण सगळ्यांनी हेच पाहिलंय. लास वेगासनं तर हॉटेलं पाडण्याचा जलसाच करून ठेवलाय. ड्यून्स १९९३ साली, सँड्स १९९६ साली, स्टारडस्ट २००७ साली. ऑक्टोबर २०२४मध्ये ट्रॉपिकानाचे मनोरे पाडले तेव्हा आधी आतषबाजी, आकाशात ड्रोनची रोषणाई आणि मग धडाम. नोएडातले जुळे टॉवर २८ ऑगस्ट २०२२ला गेले ते सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी, नऊ सेकंदांत. नऊ सेकंद! आमच्याकडे गॅसचा लायटर पेटायला याहून जास्त वेळ लागतो. मी भाच्याला "बघायला ये" म्हणून सांगूनही टाकलं. गच्चीवर खुर्च्या किती मावतील याचा हिशेब झाला.

मग रहिवाशांची बैठक झाली. पाडकामवाल्यांचा इंजिनिअर आला होता. तरुण, शांत, शिव्या खायची सवय असलेला.

"तारीख काय धरायची?" मी विचारलं.

"चौदा महिने."

"चौदा महिन्यांनी पाडणार?"

"नाही. चौदा महिने पाडणार."

सभेत जी शांतता पसरली ती पुढच्या चौदा महिन्यांतली शेवटची.

त्यानं समजावून सांगितलं. दोन इमारतींमध्ये एक गल्ली. गल्लीखाली गॅसची नळी, सांडपाण्याची वाहिनी, वर काचाच काचा. इथं स्फोट करायचा तर अर्धं शहर उठवून दुसरीकडे नेऊन बसवावं लागेल. म्हणून वरून खाली, मजल्यामागून मजला. क्रेननं लहान पोकलेन गच्चीवर ठेवायचं. ते गच्ची फोडणार, स्वतःच पाडलेल्या ढिगाऱ्याच्या उतारावरून एक मजला खाली उतरणार, मग तो मजला फोडणार.

"म्हणजे बसलोय तीच फांदी तोडायची?" आजोबा.

"हो. पण खालच्या दोन-तीन मजल्यांना टेकू देऊन."

"आणि राडारोडा?"

"लिफ्टच्या मोकळ्या शाफ्टमधून खाली."

ज्या वाटेनं पाहुणे वर जायचे त्याच वाटेनं हॉटेल खाली येणार, यात मला काहीतरी गंमत वाटली. तेवढीच.

आजोबांनी शेवटचा प्रयत्न केला, "पाडता कशाला? डागडुजी करा की!" त्यावर तो म्हणाला, मजल्यांची उंची फार कमी आहे. जुन्या काळी जास्त खोल्या बसवायच्या म्हणून छत डोक्यावर आणलेलं. आता एसीचे डक्ट, आगीच्या पाण्याच्या नळ्या छताखालून न्यायच्या म्हटल्या तर पाहुण्यांना वाकून चालावं लागेल. शिवाय प्रत्येक खोलीला न्हाणीघर, आणि त्यांच्या नळ्या काँक्रीटमध्ये पुरलेल्या. एक बदलायची तर दहा भिंती फोडा. हे ऐकताना आजोबा मान हलवत होते. आमच्या इमारतीचीही अवस्था काही वेगळी नाही, हे बहुधा दोघांनाही कळलं असावं, पण दोघंही सभ्य निघाले.

पाडकामाआधी आमच्या घरांची पाहणी झाली. प्रत्येक भिंतीचे फोटो, प्रत्येक भेगेची नोंद, म्हणजे नंतर कोणी "तुमच्यामुळे तडा गेला" म्हणू नये. मला हे उशिरा कळलं. माझा बेत नेमका तोच होता. झोपायच्या खोलीत एक भेग आहे, कोपऱ्यातून निघून नदीसारखी वळणं घेत खिडकीकडे जाणारी. पाडकाम सुरू झालं की ती यांच्या नावावर खपवायची आणि सगळी खोली रंगवून घ्यायची, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. पण त्या मुलानं आल्या आल्या भिंतीवरचं चित्र काढलं.

"हे कधी झालं?" बायकोनं भेगेकडे बघत विचारलं.

"जुनी आहे," इंजिनिअर म्हणाला. "आत धूळ बसलीय."

"म्हणून ते चित्र इतक्या वर, इतकं तिरपं लावलंय होय! सहा वर्षं मी समजतेय की तुम्हाला कलेतलं काहीतरी कळतं."

इंजिनिअरनं त्या भेगेवर एक मापक चिकटवला. दोन पारदर्शक पट्ट्या, एकीवर मिलिमीटरच्या चौकटी, दुसरीवर लाल फुली. भेगेच्या अल्याड एक, पल्याड दुसरी. भिंत हलली तर फुली सरकणार. आज फुली शून्यावर. सकाळी डोळे उघडले की पहिली दिसायची ती फुली, रात्री दिवा मालवताना शेवटची दिसायची तीही फुली. हातात नाडी धरून बसलेल्या डॉक्टरसारखी ती भिंत आमच्याकडे बघत राहायची.

मग पहिले तीन महिने काहीच पडलं नाही. पांढऱ्या पोशाखातली, तोंडावर मास्क चढवलेली माणसं आत जात आणि सीलबंद पिशव्या घेऊन बाहेर येत. जुन्या बांधकामातला ॲसबेस्टॉस आधी काढावा लागतो, त्याचे तंतू हवेत सुटले की फुप्फुसात कायमचं बिऱ्हाड करतात. एसीतला गॅस वेगळा काढून घेतात, ट्यूबलाइटमध्ये पारा असतो म्हणून त्याही वेगळ्या. या सगळ्याला आजोबांच्या लेखी पाडकाम हे नाव शोभत नव्हतं. "नुसते घुसतायत नि निघतायत," ते रोज म्हणायचे, जणू तिकीट काढून बसलेत.

याच काळात हॉटेलातलं सामान विक्रीला निघालं. पलंग, दिवे, आरसे, शेकड्यांनी इस्त्र्या. मी नुसताच बघायला गेलो. खरं सांगायचं तर तीस वर्षं समोर राहून मी त्या हॉटेलात कधी पाऊल टाकलं नव्हतं. स्वतःच्या घरासमोरच्या हॉटेलात कोण राहायला जातं? अकराव्या मजल्यावरच्या एका खोलीत शिरलो. कोपऱ्यात अजून माहितीपत्रक पडलेलं होतं, त्यावर खोलीचा प्रकार लिहिला होता: 'शहरदर्शन, विशेष'. मी खिडकीपाशी गेलो आणि शहराचं दर्शन घेतलं. बरोब्बर मधोमध आमची बाल्कनी. दोरीवर माझे दोन बनियन, त्यातला एक काखेत फाटलेला. कान तुटलेली बादली. गेल्या उन्हाळ्यात मेलेलं, पण फेकायचं राहून गेलेलं झाड. आणि हे सगळं बघायला लांबून लांबून माणसं आली, जास्त भाडं भरून खिडकीची खोली मागितली, सकाळी उठून पडदा सरकवला. तीस वर्षं! किती जणांच्या मधुचंद्राच्या फोटोत मागे मी दात घासत असेन, देव जाणे.

त्या धक्क्यात मी पडदे विकत घेतले. बारा. जाड, काळ्या अस्तराचे, एक किरण आत येऊ न देणारे. सोबत 'कृपया व्यत्यय आणू नये' अशी दाराच्या मुठीला अडकवायची पाटीही मिळाली. पडदे हॉटेलच्या खिडक्यांच्या मापाचे निघाले, म्हणजे आमच्या खिडकीला एक पडदा दीड वेळा गुंडाळता येईल असे. बायकोनं ढीग पाहिला आणि शांतपणे विचारलं, "समोर भिंत असताना ऊन कुठून येणार होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाटी मात्र मी बाल्कनीच्या कठड्याला अडकवली, हॉटेलकडे तोंड करून. काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरला वाचता येत नाही.

ब्रेकर सकाळी आठला सुरू व्हायचा. आवाजाचं वर्णन करणं अवघड आहे. आधी दात ऐकतात, मग कान. जेवताना ताटातली वाटी हळूहळू सरकत कडेला यायची. फोनवर मी बोलायचो ते समोरच्याला "तुम्ही खाणीत आहात का?" असं वाटायचं. धुळीसाठी ते सतत पाणी मारायचे, त्यामुळे धूळ कमी यायची आणि चिखल जास्त. हिरव्या जाळीतून गाळून आलेली जी उरलीसुरली भुकटी असायची ती इतकी बारीक, की बंद कपाटातल्या, बंद डब्यातल्या चष्म्यावरही तिचा थर.

पण जाळी बाजूला झाली की बघवत नसे आणि डोळाही हटत नसे. भिंत गेलेल्या खोल्या एकावर एक, खणांच्या कपाटासारख्या. न्हाणीघरांच्या फरशा कुठे गुलाबी, कुठे मोरपंखी. कधीतरी अर्ध्याच मजल्यांचं नूतनीकरण करून सोडून दिलेलं. नवव्या मजल्यावर भिंतीतल्या कपाटात एकच हँगर राहिला होता. पाच-सहा दिवस तो वाऱ्यावर हलत राहिला. एका सकाळी नववा मजलाच नव्हता. आजोबा रोज खाली उभं राहून मजले मोजत, आणि "आज आठ!" असं ओरडून मला कळवत.

माझं म्हणणं, पाडायचंच तर टोकियोसारखं पाडावं. तिथं केन्झो टांगे यांनी रचलेलं, १९८३ साली उघडलेलं चाळीस मजल्यांचं अकासाका प्रिन्स हॉटेल होतं. २०१२-१३मध्ये ते पाडताना वरचा मजला टोपीसारखा तसाच ठेवला, जॅकवर पेलला, आणि टोपीच्या आत लपून एकेक मजला कापून खाली उतरवला. बाहेरून बघणाऱ्याला हॉटेल नुसतं बुटकं होत गेलेलं दिसायचं. जड तुकडे खाली सोडताना क्रेन वीजसुद्धा तयार करायची. हे मी इंजिनिअरला कळकळीनं सांगितलं. तो म्हणाला, "छान आहे ते. आमच्याकडे पोकलेन आहे."

आणि मग ते यंत्र. आमच्या झोपायच्या खोलीत, भेगेच्या खाली, विटेएवढी एक पेटी ठेवलेली होती. जमिनीची कंपनं मोजायची. मर्यादा ठरलेली, पाच मिलिमीटर प्रतिसेकंद. ती ओलांडली की तिकडे कोणाच्या तरी फोनवर घंटा वाजणार आणि काम थांबणार. मी त्या पेटीवर मोठी भिस्त ठेवून होतो. पहिला फोन आला तेव्हा वाटलं, सापडले!

"सर, काल रात्री तुमच्याकडे सहा पॉइंट दोन आलंय."

"मग? मी सांगतच होतो!"

"वेळ अकरा चाळीस आहे, सर. आमचं काम सहाला बंद झालं. घरात काही पडलं का?"

पडलं काही नव्हतं. अकरा चाळीसला पडद्यांचा विषय निघाला होता आणि बायकोनं कपाटाचं दार लावलं होतं.

त्यानंतर महिनाभर हेच. मंगळवारी पाच पॉइंट चार: माझी पलंगावरून उडी, कारण झुरळ. शनिवारी सकाळी पाच पॉइंट नऊ: वरच्या मजल्यावरच्या काकूंनी व्यायाम सुरू केला होता. एकवीस मजली हॉटेल समोर चिरडलं जात होतं आणि त्याचा सर्वांत मोठा आकडा होता तीन पॉइंट एक. महिन्याच्या शेवटी त्यांनी आलेख पाठवला. एक बसकी रेघ, त्यात मधूनमधून सुळके. सुळक्यांखाली इंजिनिअरनं सभ्यपणे लिहिलं होतं: 'स्थानिक कारणे'. बायकोनं ते वाचलं आणि आठ-दहा दिवस आम्ही कुजबुजत भांडलो. फार अवघड असतं ते. धार येत नाही.

चौदाचे सतरा महिने झाले. एका सकाळी आठला आवाज झाला नाही म्हणून दचकून जाग आली. डोळे उघडले तर खोली पांढरीशुभ्र. साडेसहालाच सूर्य आत आला होता, पलंगावर चढून बसला होता, आणि जायचं नाव घेत नव्हता. फर्निचरवरचे डाग, पंख्यावरची जळमटं, सगळं चव्हाट्यावर. दोन दिवस आम्ही "किती छान उजेड!" म्हणत डोळे बारीक करून वावरलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर बायको स्टुलावर उभी, खिळे तोंडात धरलेले, आणि खिडकीवर हॉटेलचा पडदा दीड वेळा गुंडाळलेला. मी काहीही बोललो नाही. बोलायचं असेल तर ते तीन पॉइंट एकच्या खाली राहायला हवं होतं.

नवी नोटीस त्याच आठवड्यात लागली. छत्तीस मजले. खाली दुकानं, मध्ये कार्यालयं, वर हॉटेल. म्हणजे पुन्हा शहरदर्शन. मी बाल्कनीतली बादली आत घेतली.

दुसऱ्या दिवशी तोच इंजिनिअर मापक वाचायला आला. डोळा लावून बराच वेळ फुलीकडे बघत राहिला.

"अर्ध्या मिलिमीटरहून कमी सरकलीय," तो म्हणाला. "पण उलटी. भेग किंचित मिटलीय. दमट हवेत होतं असं."

"म्हणजे पाडकामानं बरी झाली?" बायको.

"तसं नाही म्हणता येणार." मग त्यानं पिशवीतून ती पेटी काढली. "हे परत ठेवावं लागेल. आता पायलिंग आहे, नव्या इमारतीच्या पायाचे खांब जमिनीत घालायचे."

किती दिवस, ते मी विचारलं नाही. आजोबांनी खालून विचारलंच. तो खोलीभर नजर फिरवून जागा शोधू लागला.

"भेगेखालीच ठेवू?"

"नको, ह्यांच्या बाजूला ठेवा," बायको म्हणाली. "कपाटापासून लांब."