टोर्नेडोच्या मागे धावणारे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

टोर्नेडोच्या, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोचणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्याच्या, वाटेत उपकरणं ठेवणारे आणि शेवटी एका टोर्नेडोतच गेलेले अमेरिकी टिम समारास यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून ते वेगळं लिहितेय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सरांचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी साहसवेड्या माणसांना शास्त्रज्ञांच्या पंगतीत बसवलं. रडार आणि उपग्रह असताना गाडी काढून टोर्नेडोच्या तोंडाशी जाण्यात विज्ञान कुठलं? टोर्नेडोवरचे सगळ्यात मोठे अभ्यासक फुजिता तर शिकागोत बसूनच काम करायचे. जो बाप चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन मृत्यूच्या दारात गेला, त्याचं कौतुक कशासाठी? आणि हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे टोर्नेडो होतात तरी कुठे?

तुम्ही निवृत्त स्थापत्य अभियंता आहात असं तुम्हीच लिहिलंय. त्यामुळे सुरुवात घरं उभी असतात त्या उंचीपासून करते, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

रडारचा किरण जवळजवळ सरळ जातो आणि पृथ्वी वक्र आहे. अमेरिकी हवामान खात्याच्या डॉप्लर रडारचा (वारा रडारकडे येतोय की दूर जातोय हे ओळखणाऱ्या रडारचा) सगळ्यात खालचा किरण साधारण अर्ध्या अंशाने वर उचललेला असतो. शंभर किलोमीटरवर पोचेपर्यंत त्याचा मध्य जमिनीपासून जवळपास दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. किरण एक अंशाच्या आसपास पसरट असल्यामुळे तिथे त्याची रुंदी दीड किलोमीटरच्याही पुढे जाते. टोर्नेडो मात्र बहुतेक वेळा काहीशे मीटरच रुंद असतो, कित्येकदा त्याहून कमी. म्हणजे रडारला ढगाच्या पोटातलं फिरणं दिसतं, पण खाली गावात काय चाललंय ते दिसत नाही. शाळेची भिंत, दवाखान्याचं छप्पर, पत्र्याचं गोदाम हे सगळं पहिल्या दहा-पंधरा मीटरांत असतं. वर दीड किलोमीटरवर मोजलेल्या वाऱ्यावरून त्या भिंतीवरचा भार काढायला तुम्हाला कुणी सांगितलं असतं, तर तुम्ही त्या कागदावर सही केली असती का?

आता रडारकडेच येऊ, कारण तुम्ही त्याला पाठलागाचा पर्याय मानता. १९६४मध्ये ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावी राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळा सुरू झाली. तिथल्या आणि ओक्लाहोमा विद्यापीठाच्या लोकांनी १९७२पासून वादळांमागे पद्धतशीर पथकं पाठवायला सुरुवात केली. २४ मे १९७३ रोजी युनियन सिटी या गावावर टोर्नेडो आला, तेव्हा एक पथक तिथे हजर होतं. त्यांनी तो तयार होण्यापासून विरून जाईपर्यंत फिल्मवर घेतला. त्याच वेळी नॉर्मनचं डॉप्लर रडार तेच वादळ टिपत होतं. नंतर नोंदी तपासताना एक खूण सापडली. एकमेकांना चिकटलेल्या दोन ठिपक्यांपैकी एकात वारा रडारकडे धावतोय आणि दुसऱ्यात रडारपासून दूर. ही खूण टोर्नेडो जमिनीला टेकण्याआधीच वर ढगात उमटली होती.

पण ती टोर्नेडोचीच आहे हे कशावरून ठरवायचं? अमुक मिनिटाला, अमुक जागी टोर्नेडो खरोखर जमिनीवर होता, हे त्या फिल्मनेच सांगितलं. ती नसती तर रडारवरचे ते दोन ठिपके नुसते ठिपकेच राहिले असते. पुढे १९९०च्या दशकात अमेरिकाभर डॉप्लर रडारचं जाळं उभं राहिलं, त्याच्या पायाशी हे काम आहे. १९८०च्या दशकात टोर्नेडोचा इशारा सरासरी पाचेक मिनिटं आधी मिळायचा. नंतर तो तेरा मिनिटांच्या आसपास गेला. पोरांना घेऊन तळघरात उतरायला लागणारा वेळ डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या आठ मिनिटांचं मोल कळेल. तेव्हा रडार असताना पाठलाग कशाला, हा प्रश्नच मला पटत नाही. रडारला काय दिसतंय हे आपल्याला पाठलाग करणाऱ्यांनी शिकवलं.

फुजितांबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, आणि मलाही तो माणूस फार मोठा वाटतो. तेत्सुया फुजिता जपानचे. नागासाकी आणि हिरोशिमाच्या उद्ध्वस्त जागांची त्यांनी पाहणी केली होती, आणि पुढे शिकागो विद्यापीठात टोर्नेडोने मोडलेल्या घरांवरून वाऱ्याचा वेग ताडण्याची एफ-श्रेणी १९७१मध्ये मांडली. प्रत्यक्ष टोर्नेडो त्यांना पहिल्यांदा दिसला तो थेट १९८२मध्ये. पण त्यांच्या कामाचा कच्चा माल कुठून आला? अमेरिकेतल्या फार्गो शहरात २० जून १९५७ रोजी आलेल्या टोर्नेडोचा त्यांचा गाजलेला अभ्यास सुमारे दीडशे फोटोंवर उभा आहे, आणि ते फोटो रस्त्यावर थांबून काढणारी माणसं फार्गोची होती. एप्रिल १९७४मध्ये चोवीस तासांत १४८ टोर्नेडो आले, तेव्हा फुजितांनी विमानातून मैलोनमैल शेतं पालथी घातली. शेतांतल्या अशा वळणदार खुणांवरून ते आधीपासूनच म्हणत होते, की मोठ्या टोर्नेडोच्या आत छोटे भोवरे फिरत असतात. त्यांच्यानंतरच्या पिढीने ट्रकवर रडार चढवून वादळाच्या जवळ नेलं आणि ते भोवरे रडारवर पाहिले. फुजिता आणि पाठलाग करणारे यांना तुम्ही समोरासमोर उभं करता, मला ते एकाच कामाचे दोन हात वाटतात.

समारास यांच्या ‘कासव’ म्हटल्या जाणाऱ्या उपकरणाबद्दल लेखात मी घाईत लिहिलं होतं, ते इथे नीट सांगते.

टोर्नेडोच्या आत उपकरण ठेवण्याचा मोठा प्रयत्न १९८०च्या दशकात झाला होता. ‘टोटो’ नावाचं ते पिंप चांगलंच जड होतं. ओक्लाहोमा विद्यापीठाचे हॉवर्ड ब्लूस्टीन आणि त्यांचे विद्यार्थी ते गाडीवर घालून फिरले, पण जोरदार टोर्नेडोच्या नेमकं वाटेत ते कधीच बसलं नाही. १९८४मध्ये एका टोर्नेडोची कड लागली तर ते आडवं झालं, कारण त्याचा गुरुत्वमध्य फार वर होता. समारास यांनी तिथून धडा घेतला. स्फोटांची मोजणी हे त्यांचं रोजचं काम होतं, कॉलेजची पदवी नव्हती. त्यांनी केलेलं उपकरण वीसेक किलोचं, नारिंगी रंगाचं, अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद आणि जमिनीपासून वीतभरही उंच नसलेलं. बसक्या शंकूचा आकार असा बेतलेला, की वारा जितका जोरात येईल तितकं ते जमिनीला घट्ट दाबलं जावं. त्याच्या आत दाब, तापमान, आर्द्रता टिपणारे संवेदक होते.

२४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ त्यांनी ते रस्त्याकडेला ठेवलं तेव्हा टोर्नेडो पोचायला दीड मिनिटही उरलं नव्हतं. टोर्नेडो त्याच्यावरून गेला. दाब १०० मिलिबारने कोसळल्याची नोंद मिळाली. मुंबईहून माथेरानच्या माथ्यावर गेल्यावर दाब जेवढा उतरतो त्याहूनही हा उतार जास्त, आणि तोही मिनिटाच्या आत. अशी नोंद त्याआधी कुणाकडेच नव्हती. कागदावरची गणितं होती, प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत फिरवलेले भोवरे होते. पण खऱ्या टोर्नेडोच्या पोटातला, जमिनीच्या पातळीवरचा दाब कुणीतरी तिथे जाऊनच आणायला हवा होता.

तुमच्या क्षेत्रातलं एक उदाहरण. २२ मे २०११ रोजी अमेरिकेतल्या जॉप्लिन शहरात टोर्नेडोने दीडशेहून जास्त माणसं मारली. त्या विध्वंसाची तांत्रिक चौकशी झाली, आणि इमारतींनी किती भार सोसावा हे सांगणाऱ्या अमेरिकी अभियंत्यांच्या मानकाच्या २०२२च्या आवृत्तीत शाळा, इस्पितळं अशा महत्त्वाच्या इमारतींसाठी टोर्नेडोच्या भाराचं स्वतंत्र प्रकरण पहिल्यांदाच आलं. त्याआधी टोर्नेडो म्हणजे दैवी आपत्ती, त्यासाठी कसलं बांधायचं, असं धरून चालत. हवामानशास्त्रज्ञ जोशुआ वर्मन यांच्या गटाने ट्रकवरच्या रडारने जवळून टिपलेल्या १२० टोर्नेडोंचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध केला. पडझडीवरून दिलेली श्रेणी खऱ्या वाऱ्यापेक्षा बऱ्याचदा सव्वा ते दीड पायरीने कमी निघते, असं त्यात दिसलं. कारण साधं आहे. मोकळ्या रानात मोडायला काही नसतं, म्हणून श्रेणी खाली येते. पडक्या घरांवरूनच सगळं ठरवत राहिलो असतो तर हे कधी कळलं असतं?

आता एल रीनो, जिथे समारास गेले. इथे तुमचा राग मला समजतो.

३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला जो टोर्नेडो झाला तो ४.२ किलोमीटर रुंद होता, आजवर मोजलेल्यांत सगळ्यात रुंद. तो पावसात गुंडाळलेला होता, पाहता पाहता फुगला, त्याने दिशा बदलली आणि वेग घेतला. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले. त्या दिवशी ते भक्कम ट्रकमध्ये नव्हते, छोट्या कारमध्ये होते. तो निर्णय चुकला, असं मी स्पष्ट म्हणते. पण पॉलला बापाने फरफटत नेलं, हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. तो चोवीस वर्षांचा होता, चांगला छायाचित्रकार होता आणि त्या मोहिमांत कॅमेऱ्याचं काम त्याचं स्वतःचं होतं. समारास यांच्याबरोबर काम केलेली माणसं त्यांना बेफिकीर म्हणत नाहीत, ते सगळ्यांत सावध असायचे असंच सांगतात. पाठलागात टोर्नेडोनेच घेतलेले हे पहिले बळी मानले जातात. इतकी वर्षं एवढी पथकं जात असताना असं आधी घडलं नव्हतं, हेही तुमच्या ‘साहसवेडे’ या शब्दाशी ताडून बघा.

जिथे तुमचा शब्द लागू पडतो ती गर्दी वेगळी आहे. त्या दिवशी एल रीनोच्या रस्त्यांवर हौशी पाठलागकर्ते होते, वाहिन्यांच्या गाड्या होत्या. शिवाय अकराच दिवस आधी जवळच्या मूर शहरात टोर्नेडोने केलेला संहार पाहिलेली आणि घाबरून घर सोडून निघालेली कुटुंबं होती. त्यांच्या वाटेत मोबाइल उंचावून उभं राहणाऱ्या माणसाचं समर्थन मी करणार नाही, लेखातही केलेलं नाही.

पण त्याच दुपारचं पुढे काय झालं हे तुम्हाला माहीत असायला हवं. समारास यांचे मित्र अँटन साइमन यांनी त्या दिवशी तिथे असलेल्या अनेक पाठलागकर्त्यांचे व्हिडिओ जमवले. प्रत्येक कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं, मग वेळा जुळवायच्या कशा? वीज चमकली की ती सगळ्या व्हिडिओंत एकाच क्षणी दिसते. त्या चमका धरून त्यांनी चित्रफिती एकमेकींवर बसवल्या. संशोधक जाना हाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओक्लाहोमा विद्यापीठाच्या फिरत्या रडारच्या नोंदी या चित्रांशी ताडल्या, आणि २०१८मध्ये निष्कर्ष मांडला: हा टोर्नेडो वरून खाली उतरला नव्हता. जमिनीलगत तो फिरू लागला तेव्हा वर तशी खूण पुरती उमटलेलीही नव्हती. युनियन सिटीपासून मनात बसलेलं चित्र वरून खाली येणाऱ्या भोवऱ्याचं होतं. ते सगळीकडे लागू नसेल, तर वर ढगात खूण शोधून इशारा देण्याच्या पद्धतीलाच मर्यादा आहे. अमेरिकेत टोर्नेडोचे दहापैकी सातच्या आसपास इशारे आजही फुकट जातात. फिरणाऱ्या दहा वादळांतलं नेमकं कुठलं टोर्नेडो देईल, हे अजून कुणालाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून पथकं अजून जातात.

राहिला ‘आपल्याकडे होतात कुठे’ हा प्रश्न. महाराष्ट्रात ते विरळाच, पण आपल्या उपखंडात होतात. बंगाल, ओडिशा आणि बांगलादेशात मार्च ते मे या काळात कालबैशाखीच्या, म्हणजे तिकडच्या उन्हाळी गडगडाटी, वादळांतून ते निपजतात. जगातला सगळ्यात प्राणघातक मानला जाणारा टोर्नेडो अमेरिकेतला नाही. तो २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात दौलतपूर आणि सातुरिया भागावर आला. मृतांचा अंदाज तेराशेच्या घरात आहे. तिथे ट्रकवरचं रडार नव्हतं, कासव ठेवणारं कुणी नव्हतं, इशाराही नव्हता. मँचेस्टर या चिमुकल्या वस्तीवरून गेलेल्या टोर्नेडोच्या दाबाची मिनिटामिनिटाची नोंद जगाकडे आहे, आणि तेराशे माणसं गेली त्या वादळाची नाही. हे मला अस्वस्थ करतं. पण त्यातून तुम्ही ‘तिकडचं आपल्याला काय’ असा निष्कर्ष काढता, तर मी उलटा काढते. तिकडे जीव धोक्यात घालून मोजलेलं इकडच्या माणसाच्या घरापर्यंत पोचलं पाहिजे.

त्यासाठी तुमच्यासारख्यांची गरज आहे. बांधकामाच्या गणितात तुम्ही आयुष्य घालवलंत. पत्र्याचं छप्पर आणि मातीच्या भिंती असलेल्या घरावर अचानक दाब कोसळला आणि वारा आत शिरला, तर आधी काय सुटतं? हुक, वासा की भिंतीचा माथा? थोड्या खर्चात त्यातलं काय वाचवता येईल? आकृतीसह लिहून पाठवलंत तर मी ते इथेच, तुमच्या नावाने छापेन.