आहेरावरचा एक रुपया

लग्नाच्या मांडवात गणित येणाऱ्या माणसाने तोंड बंद ठेवावं, हे मला पटतं, जमत नाही. आहेराच्या पाकिटाला चिकटवलेल्या त्या एक रुपयाचं समर्थन कोणीतरी काका करतातच: "एक वाढवला की रक्कम भागली जात नाही, म्हणून शुभ!" झालं. पंक्तीत बसून मी भागायला लागतो.

१०१ ठीक, मूळ संख्या आहे. १५१ आणि २५१ सुद्धा. पण ५०१ च्या अंकांची बेरीज ६, म्हणजे तीन भावांत १६७ प्रमाणे चोख वाटणी. ११०१, २००१, ५००१ यांनाही ३ ने भाग जातो. ५५१ दिसायला सभ्य, पण निघते १९ × २९. आणि १००१ मध्ये तर ७, ११, १३ असे तीन वाटेकरी दबा धरून बसलेत.

१०,००१ खरा छळ करते. वर्गमूळ १०० च्या किंचित वर, तेव्हा १०० च्या आतल्या पंचवीसही मूळ संख्यांनी भागून बघायचं. माणूस ४७ च्या आसपास दमतो आणि "नाही जात" असं जाहीर करून मोकळा होतो. उत्तर पुढे आहे: ७३ × १३७. मूळ संख्यांच्या यादीत चुकून ९१ (म्हणजे ७ × १३) घुसला तर मेहनत फुकट, एवढंच; ७३ गळला तर निकालच चुकला.

लाखावर मात्र पळवाट आहे. १,००,००१ मधले अंक एकाआड एक घेऊन दोन बेरजा करा. दोन्ही १, फरक शून्य, म्हणून ११ ने भाग जातो आणि ९,०९१ उरतात. दोन टोकांना १, मध्ये शून्यं आणि एकूण अंक सम, की ११ हजर. शून्य एक जास्त पडलं तर १०,००,००१ होतात. तिथे ११ चालत नाही, १०१ लागतो. (यजमानांना ते जास्तीचं शून्य चालतं, हा भाग वेगळा.)

एक कोटी एक म्हणजे ११ × ९,०९,०९१. आता हा दुसरा फुटतो का? वर्गमूळ ९५३ च्या जरा पुढे, म्हणजे १६२ भागाकार. मठ्ठा येईपर्यंत एवढे होत नाहीत. पण त्याच्या मूळ अवयवाने १० च्या घातांना भागत गेलं, तर बाकी १ पहिल्यांदा चौदाव्या घाताला मिळते. त्यामुळे तो अवयव १४ च्या पटीहून एकाने मोठाच असावा लागतो. अशा मूळ संख्या उरतात २९, ४३, ७१ पासून ९५३ पर्यंत फक्त २७. एकानेही भाग जात नाही.

टोकांना १ आणि मध्ये शून्यं, या घराण्यात ११ आणि १०१ सोडून मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. तेव्हा काका, न भागणारा आहेर हवाच असेल तर हजारावर ९ घाला, दहा हजारावर ७, लाखावर ३, कोटीवर १९. फक्त पाकिटाला चिकटवलेलं नाणं एकच असतं. बाकीचे सुट्टे तुमचे तुम्ही आणा.