गंज उतरवावा, धातू उतरवू नये : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुन्या बंदुकांच्या निगराणीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. जुनी बंदूक हाती आली की ती लगेच घासून लख्ख करू नये, तिच्यावर काळाने चढलेला काळपट-तपकिरी थर, ज्याला संग्राहक पॅटिना म्हणतात, तो शक्यतो राखावा, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : शस्त्र गंजू देणे हा त्याचा अपमान असून आपल्याकडचे शिकलगार पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रे उजळतच आले, पॅटिनाचे कौतुक हे अमेरिकेतल्या लिलावांतून आलेले किमतीचे खूळ आहे, आणि कोकणातल्या हवेत हा सल्ला पाळला, तर काही वर्षांत जपायला नळीच उरणार नाही. आपल्या आजोळच्या वाड्यातली ठासणीची बंदूक मामांनी पॉलिश पेपर आणि पितळ उजळण्याचे पॉलिश वापरून नव्यासारखी केली, तिचा घोडा आणि चापही पुन्हा चालू केला, हेही आपण अभिमानाने कळवले आहे.

कोकणच्या हवेचा आक्षेप आधी घेतो, कारण तिन्हींत तोच सर्वांत भक्कम आहे. पावसाळ्यात तिथली आर्द्रता दिवसेंदिवस ८०-९० टक्क्यांच्या घरात राहते आणि किनाऱ्यालगतच्या हवेत मीठही असते. स्वच्छ लोखंड साधारणपणे ६० टक्के आर्द्रतेपर्यंत बऱ्यापैकी तग धरते, पण ज्यात मीठ मुरले आहे ते लोखंड त्याहून पुष्कळ कोरड्या हवेतही गंजत राहते. त्यामुळे ‘हात लावू नका, आहे तसे राहू द्या’ असा सल्ला कोकणातल्या कुणाला देणे खरोखरच बेजबाबदारपणाचे ठरेल, हे मला मान्य आहे. मात्र माझा सल्ला तो नव्हता. मी भेद केला होता तो जिवंत गंज आणि स्थिरावलेला थर यांच्यात, आणि आपल्या प्रतिक्रियेत नेमका हा भेद पुसला गेला आहे.

जिवंत गंज नारिंगी किंवा लालसर असतो, भुसभुशीत असतो, पांढऱ्या सुती कापडाने पुसला तर कापडावर भुकटी उतरते. मीठ मुरलेले असेल तर दमट हवेत त्याच्यावर तपकिरी थेंबही दिसतात. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून पापुद्रे सुटतात आणि खालचे नवे लोखंड पुन्हा उघडे पडते. हा गंज काढलाच पाहिजे. स्थिरावलेला थर कडक, गुळगुळीत, गडद तपकिरी ते काळा असतो, धातूला घट्ट धरून असतो आणि कापडावर उतरत नाही. तो काढल्याने बंदुकीचे आयुष्य वाढत नाही, उलट कमी होते. कारण पॉलिश पेपरने उघडे पडलेले लोखंड अधिक लवकर गंजते आणि पेपरच्या बारीक ओरखड्यांत ओल धरून राहते. पुढच्या श्रावणापर्यंत नळीवर पुन्हा लाली येते, पुन्हा पेपर फिरतो, आणि दर खेपेला गंजाबरोबर थोडे लोखंडही जाते. आपण ज्या नळीची काळजी करत आहात ती संपवण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे.

जिवंत गंज उतरवण्यासाठी फार सामग्री लागत नाही. शिलाई मशीनचे पातळ तेल लावून ते मुरू द्यावे, मग जाडसर सुती कापडाने पुसावे. जिथे खपली आहे तिथे बांबूच्या चपट्या काडीने, हाडाच्या किंवा शिंगाच्या तुकड्याने, फारच हटवादी जागी पितळेच्या पातळ पट्टीच्या कडेने ती सुटी करावी. ही सगळी लोखंडापेक्षा मऊ असल्यामुळे गंज सुटतो आणि धातू शाबूत राहतो. शेवटी तेल पूर्ण पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून काढलेल्या, अतिसूक्ष्म स्फटिकांच्या मेणाचा) पातळ हात द्यावा. संग्रहालयांत सर्रास वापरले जाणारे रेनेसाँस वॅक्स याच जातीचे आहे. १९५०च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये ते तयार झाले. त्याचा मोठा गुण असा की नको वाटले तर ते काढून टाकता येते.

नळीच्या आतल्या बाजूचा विचार मात्र वेगळा करावा लागतो, आणि तिथे मी आपल्याहून जास्त स्वच्छतेच्या बाजूचा आहे. काळ्या दारूच्या ज्वलनातून पोटॅशियमचे क्षार मागे राहतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. टोपीच्या, म्हणजे घोडा आपटताच पेटणारी छोटी स्फोटक टोपी असलेल्या, बंदुकांत टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटपासून पोटॅशियम क्लोराइड बनते. तेही मिठाचेच भावंड. हे क्षार तेलात विरघळत नाहीत. वर्षानुवर्षे नळीत तेल सोडणाऱ्यांच्या नळ्या आतून खड्डे पडून खराब झालेल्या दिसतात, त्याचे एक कारण हेच. क्षार पाण्यानेच निघतात. नळी दस्त्यापासून सुटी करता येत असेल तर आत गरम पाणी, मग पूर्ण कोरडे करणे आणि नंतरच तेल, हा क्रम ठेवावा. नळी सुटी होत नसेल तर गजाला किंचित ओलसर कापड गुंडाळून तेच काम सावकाश करावे, म्हणजे लाकडात पाणी जाणार नाही.

आता शिकलगारांविषयी. शस्त्र उजळणे ही आपली जुनी आणि मानाची कारागिरी होती, यात शंकाच नाही. परंतु शिकलगार उजळत असे ते वापरातले शस्त्र. कुरुंदाने पाते घासल्यावर ते पुन्हा धारदार करणे त्याच्याच हातात होते, आणि झिजलेले शस्त्र बदलून दुसरे मिळत होते. आज आपल्यापाशी असलेली तोड्याची (जळत्या वातीने पेटणारी) किंवा ठासणीची बंदूक झिजली तर तिच्या जागी दुसरी घडवणारे कुणी नाही. शिवाय सगळी शस्त्रे मुळात लख्खच असत, हेही खरे नाही. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड ही ब्रिटिश बंदूक घ्या, जी १८५७ च्या आगेमागे हिंदुस्थानात आली. तिच्या नळीवर निळसर-काळा लेप होता आणि चापाच्या (घोडा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवर हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवल्यामुळे उमटलेले निळे-करडे-तांबूस ढग होते. हे रंग इतके पातळ असतात की पॉलिश पेपरच्या दोन-चार हातांत नाहीसे होतात, आणि मग ‘मूळची चमक’ म्हणून जी दिसते ती त्या बंदुकीवर कधीच नव्हती. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांच्या कित्येक नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून एकजीव केलेल्या असतात. त्यांच्यावरची नागमोडी नक्षी हा आम्लाने उठवलेला पृष्ठभागाचाच खेळ आहे. कोफ्तगरीत तर लोखंडावर आडव्या-उभ्या बारीक रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवतात. त्या सोन्याची जाडी ती काय असणार? मळाखाली दडलेले सोने पेपरच्या पहिल्याच फेरीत मळाबरोबर निघून जाते आणि घासणाऱ्याला ते कळतही नाही.

एक गोष्ट आपल्या बाजूने सांगितलीच पाहिजे. ब्रिटिशांच्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या अठराव्या शतकातल्या चकमकीच्या बंदुकांच्या नळ्या उजळच ठेवल्या जात. शिपाई त्या विटेच्या भुकटीने घासत असत. अशा नळीवर आज दिसणारा तपकिरी थर नंतरचा आहे, निर्मात्याने दिलेला नाही. म्हणून तो काढावा का? माझे उत्तर तरीही नाही असेच आहे, आणि त्याला कारण त्या बंदुकांवरचे ठसे. कंपनीच्या बंदुकांच्या चापाच्या पट्टीवर आधी हृदयाच्या आकाराची मुद्रा असे, पुढे मुकुट धरलेला सिंह आला. नळीवर तपासणीचे ठसे असतात, दस्त्यावर कधी पलटणीची किंवा शस्त्रागाराची खूण असते. मुद्रेची एक कड बोथट झाली, वर्षाचा एक आकडा पुसला गेला, की ती बंदूक कोणत्या काळातली हे सांगणारी खूण गेली. लंडनच्या टॉवरमधली पुष्कळ चिलखते मुळात निळी, काळी किंवा सोन्याचा मुलामा दिलेली होती. तिथल्या राखणदारांनी पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने घासून ती पांढरी केली. त्या माणसांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण गेलेले रंग काही परत आले नाहीत.

किमतीच्या आक्षेपावर फार लिहीत नाही. अमेरिकेत मूळ लेप शाबूत असलेल्या बंदुकीला घासलेल्या बंदुकीपेक्षा पुष्कळ जास्त भाव मिळतो आणि त्यातून दिखाऊपणाही वाढतो, हे खरे आहे. कृत्रिम पॅटिना चढवून विकणारेही आहेत. पण बाजार एखाद्या गोष्टीचा भाव करतो एवढ्यावरून ती गोष्ट खोटी ठरत नाही.

पितळेच्या भागांबाबत आणि घरगुती उपायांबाबत थोडी अधिक सावधगिरी हवी. बाजारातल्या अनेक पितळ-पॉलिशांत अमोनिया आणि बारीक घासणारी पूड असते. ताण असलेल्या पितळेला अमोनिया तडे पाडतो. याचा गाजलेला दाखला हिंदुस्थानातलाच आहे : ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली की त्यांना आपोआप चिरा पडत, आणि त्यामागे घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया होता, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. दस्त्यावरच्या ओतीव पितळेला एवढा धोका नाही, पण खोबणीत साचलेले पॉलिश आतल्या आत काम करत राहते आणि लाकडावर पांढरे डागही सोडते. चिंच, लिंबू, व्हिनेगर गंजाबरोबर लोखंडही खातात आणि चापाच्या कडक पोलादी कमानीला (स्प्रिंगला) ठिसूळ करू शकतात. खोबरेल तेल कालांतराने खवट होते व त्यातली आम्ले पितळेवर हिरवा थर आणतात. दस्त्याला दरवर्षी जवसाचे तेल पाजण्याची हौसही आवरावी. ते तेल सुकून काळे पडते आणि धूळ कायमची धरून ठेवते.

खंडेनवमीचा उल्लेख आपण केलात, म्हणून त्याविषयीही लिहितो. शस्त्रपूजन आणि जतन यांत काही भांडण नाही. पूजेच्या आधी मेणाचा हात द्यावा, हळद-कुंकू ओले करून न लावता कोरडेच वाहावे, झेंडूची फुले शस्त्राशेजारी ठेवावीत आणि त्याच संध्याकाळी सारे कोरड्या कापडाने पुसून घ्यावे. रात्रभर अंगावर राहिलेल्या ओल्या फुलांचे डाग नळीवर उमटलेले मी पाहिले आहेत, आणि ते घालवण्यासाठी पुन्हा पॉलिश पेपर बाहेर येतो.

आता आपल्या मामांची बंदूक. ती घासून झाली आहे, त्यामुळे तिला कुठलेही रसायन लावून पुन्हा तपकिरी करण्याच्या फंदात पडू नका. मेण द्या, हाताळताना सुती हातमोजे वापरा, भिंतीला टेकवून ठेवू नका आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला नजर टाका. पण त्याही आधी दोन गोष्टी. घोडा आणि चाप चालू केला असल्याचे आपण लिहिले आहे. ठासणीच्या जुन्या बंदुका भरलेल्या अवस्थेत सापडणे मुळीच दुर्मिळ नाही, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. लाकडी काठी नळीत तळापर्यंत हलकेच सोडून नळीच्या तोंडापाशी खूण करा आणि ती खूण तोंडाशीच धरून तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहा. काठीचे टोक कानापर्यंत (नळीच्या बुडाशी ठिणगी आत जाण्याच्या छिद्रापर्यंत) पोचत नसेल तर आत काहीतरी आहे असे समजून ती बंदूक तशीच ठेवा, तोंडासमोर कुणाला येऊ देऊ नका आणि पोलीस ठाण्याला कळवा. दुसरी गोष्ट कायद्याची : १९५९ च्या शस्त्र अधिनियमातल्या कलम ४५ ची सूट कालबाह्य बनावटीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना मिळते खरी, पण ती दुरुस्तीविना किंवा दुरुस्तीनंतरही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगी नसतील तरच. चाप चालू करणे ही साफसफाई उरत नाही. परवान्याची स्थिती एखाद्या जाणत्या वकिलाला विचारून घ्यावी.

चापाच्या पट्टीवर मुद्रा किंवा वर्ष अजून वाचता येत असेल, तर तिरक्या उजेडात घेतलेले छायाचित्र अवश्य पाठवा. उजेड कडेने पडला की झिजलेली अक्षरेही पुष्कळदा वाचता येतात, आणि त्यावरून बंदूक कोणत्या नमुन्याची आहे हे सांगण्याचा प्रयत्न मी करीन.