‘ताण सोडा, मूल होईल’: एका संदेशाचा प्रतिवाद

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातील कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. मूल न होण्याचे खरे कारण ताण आहे. तपासण्यांच्या मागे लागू नका, मन शांत ठेवा. नाहीतर एखादे मूल दत्तक घ्या, पाठोपाठ स्वतःचेही होते. आपल्या आज्यांना कुठे होता असला ताण, असा त्याचा आशय. पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणे अवघड जाते.

पहिला दावा ताणाचा. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका विश्लेषणात १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा वंध्यत्वावरील उपचारांच्या फेरीपूर्वी चिंताग्रस्त असलेल्या स्त्रियांना दिवस जाण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी असल्याचे दिसले नाही. पराकोटीच्या ताणाने पाळी बंद पडू शकते आणि तारखा पाहून जवळ येण्याची सक्ती झाली की जवळीकच आटते, हे मान्य. पण बंद गर्भनलिका किंवा अत्यल्प शुक्रजंतू यांवर मनःशांतीचा उतारा चालत नाही. कार्यकारणभाव बहुतेकदा उलट्या दिशेने वाहतो. दर महिन्याची पाळी हे अशा घरात कोणाला न सांगता पाळलेले सुतक असते. वंध्यत्वाला तोंड देणाऱ्या स्त्रियांमधील चिंता आणि नैराश्य कर्करोगाच्या रुग्णांइतके असल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात १९९३ सालीच दिसून आले होते. त्या दुःखावर ‘तू ताण घेतेस म्हणूनच होत नाही’ असे म्हणणे म्हणजे दुखणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणे होय. शिवाय यात वेळही जातो: वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, किंवा स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असल्यास सहा महिन्यांत राहिला नाही, तर तपासणी करून घ्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे.

दत्तकाची गोष्ट थोडक्यात आटोपते. दत्तक घेतल्यावर दिवस गेलेली जोडपी सर्वांच्या लक्षात राहतात, न गेलेल्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. मूल न होण्याचे कारण न सापडलेल्या काही जोडप्यांना दत्तक न घेताही मूल होतेच. आणि घरात आलेल्या मुलाकडे पायगुणाचा ताईत म्हणून पाहणे हा त्या मुलावरचा अन्याय आहे.

आज्यांचे मात्र सविस्तर सांगायला हवे. पोर्तुगीज सरकारने १८८० साली गोव्यातील हिंदूंच्या रूढींची जी संहिता काढली, तिच्यानुसार पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत अपत्य झाले नाही, तर पतीला तिच्या संमतीने दुसरे लग्न करता येत असे. पंचविसावे वर्ष! ती संमती कोणत्या घरात, कोणासमोर, कशी मिळवली जात असेल, याची कल्पना करून पाहावी आणि मग आज्यांना ताण नव्हता असे म्हणावे. तिसवाडीतील तळावलीच्या सांत आना चर्चमध्ये जुलैअखेर तवशांचे, म्हणजे काकड्यांचे, फेस्त (चर्चचा उत्सव) भरते, तिथे अपत्यासाठी तवशी वाहिली जातात. या वेदनेला आपल्याकडे नवसाची भाषा होती, बोलण्याची नव्हती, एवढेच त्यातून दिसते.

या संदेशात पुरुष कुठेच नाही, ही त्याची सर्वांत मोठी उणीव. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा, एकट्याने किंवा स्त्रीकडील कारणाबरोबर, वाटा असतो. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी तपासणी, तरीही कित्येक घरांत सुनेच्या साऱ्या तपासण्या आणि दोनतीन देवस्थानांचे कौल उरकल्यावरच या तपासणीची वेळ येते. अहवाल वाईट निघाला की तो पुरुष मित्रांतही गप्प होतो, आणि त्याचे दुःख विचारायला कोणी येत नाही.

मनाची काळजी घ्या, एवढेच म्हणणे असेल तर त्यावर वाद नाही. ती उपचारांच्या ऐवजी नव्हे, उपचारांच्या बरोबरीने घ्यावी. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानुसार जोडप्याला यशाच्या शक्यतेसह सर्व परिणामांविषयी समुपदेशन देणे हे उपचार केंद्रांचे कर्तव्य आहे, तेव्हा ते हक्काने मागावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्याच्या उपचाराची) सेवा सुरू झाली, ही मोठीच सोय. पण खर्च टळला तरी मन थकते, आणि अशा थकव्याने उपचार अर्ध्यावर सोडणारी जोडपी असतात. समुपदेशक मूल देत नाही. पुढची फेरी घ्यायची की इथेच थांबायचे, हा घरात आईवडिलांदेखत उच्चारता न येणारा प्रश्न त्याच्यासमोर दोघांना एकमेकांना विचारता येतो.