केल्डाल, मेलामाइन आणि बोरिक आम्ल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन आहेत. केल्डाल म्हणजे अन्नातला नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधण्याची पद्धत. मेलामाइन या नायट्रोजनने भरलेल्या रसायनाने जिला सहज फसवलं ती पद्धत मुलांना अजून कशाला शिकवायची, हा एक. आणि ‘बोरिक आम्ल अंदाजे 25 मिलि घ्या’ असं मी या पद्धतीवरच्या लेखात लिहिलं तो निष्काळजीपणा आहे, हा दुसरा.

दुसरा आधी घेतो. या पद्धतीत नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळून (हेच पाचन) त्यातल्या नायट्रोजनाचं अमोनियम सल्फेट करतात, मग अल्कली घालून त्यातून अमोनिया बाहेर काढतात आणि तो मोजतात. अकरावीच्या पुस्तकातल्या रीतीत अमोनिया नेमक्या मोजलेल्या प्रमाणित सल्फ्युरिक आम्लात शोषतात आणि शिल्लक आम्लाचं सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करतात. तिथे पिपेट चुकली की उत्तर चुकलंच. बोरिक आम्ल मात्र फार सौम्य. ते अमोनिया धरून ठेवतं, अमोनियम बोरेट होतं, आणि ब्युरेटमधलं हायड्रोक्लोरिक आम्ल थेट त्या बोरेटवर खर्च होतं. 0.1 नॉर्मल आम्लाचा 1 मिलि म्हणजे 1.4 मिग्रॅ नायट्रोजन. बोरिक आम्ल 25 मिलि घेतलं काय किंवा 28 घेतलं काय, हा हिशोब बदलत नाही. ते पुरेसं हवं, आणि ब्लँकलाही, म्हणजे नमुन्याशिवाय केलेल्या चाचणीलाही, तेवढंच घ्यायचं.

आता मेलामाइन. 2008 मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात ते मिसळलं गेलं. सहा बाळं दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. तुमचा संताप मला समजतो, पण तो ब्युरेटवर काढू नका. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल धान्यातल्या प्रथिनांचा अभ्यास करत होते, त्यासाठी त्यांनी ही पद्धत बसवली. ती नायट्रोजन मोजते आणि चोख मोजते. पुढे त्या आकड्याला दुधासाठी 6.38 ने, इतर अन्नासाठी बहुधा 6.25 ने गुणून ‘प्रथिने’ म्हणतो ते आपण, सगळा नायट्रोजन प्रथिनांतलाच आहे असं धरून. मेलामाइनमध्ये वजनाच्या 66.6 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन कागदावर सव्वाचार ग्रॅम दुधाची प्रथिने होऊन बसतं! आपल्याकडे दुधात भेसळ म्हणून घालतात त्या युरियातही 46.6 टक्के नायट्रोजन असतो.

यावरचा उपायही केल्डालनेच होतो. दुधात ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल घातलं की प्रथिने साकळतात. गाळून घ्या आणि गाळलेल्या द्रवाचं वेगळं केल्डाल करा. मेलामाइन, युरिया त्या द्रवात उतरतात. चांगल्या दुधात हा प्रथिनेतर नायट्रोजन एकूण नायट्रोजनाच्या पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असतो. तो बराच चढला की भेसळीची शंका घ्यायची. हे दुसरं टायट्रेशन मुलांकडून करून घ्यावं असं मला फार वाटतं, कारण 6.25 मागचं गृहीतक त्यांना तिथे डोळ्यांनी दिसतं.

एका बाबतीत चूक माझी. ‘केल्डालने प्रथिने मोजतात’ हे मूळ लेखातलं वाक्य ढिलं होतं, ते आज बदललं आहे. नायट्रो, ॲझो संयुगांतला आणि पिरिडीनसारख्या वलयातला नायट्रोजन नेहमीच्या पाचनात पूर्णपणे अमोनियम सल्फेट होत नाही, तिथे ड्यूमाची पद्धत (नमुना जाळून निघालेला नायट्रोजन वायू मोजण्याची) वापरावी लागते, हे लिहायचं राहून गेलं होतं. तेही जोडलं.