"समजलं का?" या प्रश्नाला कोणीच नाही म्हणत नाही

मधुमेहासारख्या आयुष्यभराच्या आजारात रुग्णाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा प्रश्न म्हणजे "समजलं का?" उत्तर ठरलेलं असतं. समोरचा माणूस घाईत दिसतो, बाहेर रांग असते, आणि नाही म्हटलं तर आपण अडाणी ठरू अशी धास्ती असते. मग मान हलते आणि "हो" येतं.

वर्षाचे तास होतात ८,७६०. त्यातले डॉक्टरांसमोर जातात दोन, फार तर तीन. उरलेल्या सगळ्या वेळात गोळी घ्यायची की टाळायची, घाम फुटला तर काय करायचं, जखम दाखवायची की दोन दिवस वाट बघायची, हे रुग्णालाच ठरवावं लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की वाढलेलं पोट, आनुवंशिकता, रक्तदाब, तंबाखू यांच्याच रांगेत "आजाराबद्दलचं अपुरं आकलन" हाही जोखीम घटक म्हणून फाइलवर लिहिला जावा. तो तपासता येतो आणि कमीही करता येतो. वयाचं आणि आईवडिलांकडून आलेल्या वारशाचं तसं नाही.

गोंधळ "जोखीम घटक" या शब्दापासूनच सुरू होतो. ऐकणारा त्याचा अर्थ "कारण" असा लावतो. मग एक जण म्हणतो, "मी गोडाला हातही लावत नाही, मला शुगर कशी झाली?" दुसरा म्हणतो, "आमच्या घरातच आहे, होणारच होती." दोघांचंही चुकतं, आणि दोघांचंही नुकसान होतं. जोखीम घटक म्हणजे शक्यता वाढवणारी गोष्ट. टाइप २ या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारच्या मधुमेहात आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला आयुष्यात तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के धरतात. ही मोठी जोखीम आहे, पण याचाच अर्थ निम्म्याहून जास्त जणांना तो होत नाही. उलट कमरेचा घेर आटोक्यात असलेल्या, घरात कुणालाच नसलेल्या माणसालाही तो होऊ शकतो. गरोदरपणात साखर वाढलेली असणं, पीसीओएस (अंडाशयाचा एक विकार), झोपेत श्वास अडकणं, महिनोन्‌महिने चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, मनोविकारावरची काही औषधं, धूम्रपान हे सगळे घटक या यादीत येतात, आणि "गोड खाणं" या एका आरोपाखाली ते झाकले जातात.

टक्केवारी सांगतानाही असंच होतं. अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. साखर काठावर असलेल्या ३,२३४ लोकांवर ती चाचणी झाली होती. वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. आकडा खरा आहे, पण "५८ टक्के" ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. तेच माणसं मोजून सांगितलं तर? काहीच न केलेल्या १०० जणांपैकी वर्षाला साधारण ११ जणांना मधुमेह झाला, वजन आणि व्यायामाकडे लक्ष दिलेल्या १०० पैकी साधारण ५ जणांना. हे कुणालाही कळतं. शिवाय त्यात एक दिलासाही आहे. सगळं नीट करूनही त्या पाचांना झालाच, म्हणजे ज्याला झाला त्याने काहीतरी पाप केलं होतं असं नाही. रुग्णाच्या मनातली अपराधाची भावना हा फार मोठा अडथळा असतो. लाजलेला माणूस साखरेची वही लपवतो, किंवा तपासणीच्या आदल्या दिवशी आकडे रचून लिहितो.

आता लक्षणांबद्दल. "मला काही त्रास नाही" हे वाक्य खरं असतं आणि तरीही त्याचा काही उपयोग नसतो. रक्तातली साखर दर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीवाटे सोडायला लागतात, तेव्हा कुठे वारंवार लघवी आणि तहान सुरू होते. त्याखाली, म्हणजे १५०-१६० वर वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसाला काहीही जाणवत नाही, पण डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्या मात्र झिजत राहतात. डोळ्यांचंच घ्या. चष्म्याचा नंबर तपासून आलेला माणूस "डोळे दाखवले" म्हणतो. डोळ्याच्या आतला पडदा बघायचा तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून किंवा पडद्याचा फोटो काढून बघावं लागतं, आणि टाइप २ मध्ये हे निदान झाल्याबरोबर व पुढे साधारण दरवर्षी. मूत्रपिंडांचंही तसंच. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आलं म्हणून लोक निश्चिंत होतात, पण साधारण निम्मी क्षमता जाईपर्यंत तो आकडा नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतो. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण त्याच्या आधी बोलतं. ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली हवं.

तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, एचबीएवनसी, हा तर गैरसमजांचा डोंगर. ७ टक्के म्हणजे "सात टक्के मधुमेह" नव्हे. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनपैकी किती भागाला साखर चिकटली आहे, तो हा आकडा. ७ म्हणजे सरासरी साखर साधारण १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. एवढं तीन आकड्यांचं कोष्टक फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिलं तरी रुग्णाला आपला रिपोर्ट वाचता येतो. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तपासणीआधीचे तीन दिवस कडक पथ्य पाळून उपाशीपोटीची साखर छान आली तरी हा आकडा फारसा हलत नाही. शेवटच्या महिन्याचा वाटा मात्र त्यात जवळपास निम्मा असतो. आणि एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल तर हा आकडा खोटा जास्त येऊ शकतो. रक्तस्राव झाला असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर तो खोटा कमी येऊ शकतो. घरच्या नोंदी आणि हा रिपोर्ट यांचा मेळ बसत नसेल तर रुग्णाला खोटं पाडण्याआधी हिमोग्लोबिन बघावं.

घरच्या मशीनवर बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. फळ सोललेल्या बोटावर राहिलेला रसाचा अंश १२० चे २०० करून दाखवू शकतो, आणि त्या २०० वर कुणी इन्सुलिन वाढवून घेतलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायचं, म्हणजे दुखतंही कमी. थेंब येत नाही म्हणून बोट करकचून पिळायचं नाही, हात खाली सोडून थोडा झटकायचा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, दमट हवेत पट्ट्या खराब होतात. आणि दोन लागोपाठच्या चाचण्यांत १० टक्क्यांचा फरक आला तर मशीन बिघडलं म्हणून फेकू नका, एवढा फरक मान्य मर्यादेत धरलेला आहे.

लॅबच्या तपासणीच्या दिवशी होणाऱ्या चुकाही ठरलेल्या. उपाशीपोटी म्हणजे किमान ८ तास काही खायचं नाही, पाणी चालतं. काही जण साखर कमी करणारी गोळी किंवा जेवणाचं इन्सुलिन घेऊन उपाशी रांगेत उभे राहतात आणि तिथेच चक्कर येते. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. आणि त्या जेवणासोबतची रोजची गोळी घेऊनच ती तपासणी करायची, कारण औषध पुरतं की नाही हेच तर बघायचं असतं.

गोळ्यांच्या बाबतीत सर्वांत धोकादायक वाक्य म्हणजे "साखर नॉर्मल आली म्हणून बंद केली." आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे, हे सांगायचं राहून गेलेलं असतं. दुसरं म्हणजे सगळ्या गोळ्यांना एकच नाव, "शुगरची गोळी". मेटफॉर्मिन एकटी चालू असताना एखादं जेवण चुकलं तर सहसा साखर फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकलं तर जाते, आणि साखर खाऊन वर आली तरी गोळीचा अंमल टिकून असल्यामुळे काही तासांनी पुन्हा घसरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या उलट्या, जुलाब, मोठं ऑपरेशन अशा वेळी थांबवायच्या असतात, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मेटफॉर्मिनही अशा आजारपणात थांबवतात. पण आजारी आहे, खाल्लं जात नाही, म्हणून टाइप १ च्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा रुग्णाने इन्सुलिन पूर्ण बंद करणं जिवावर बेतू शकतं. आजारपणाच्या दिवसांसाठी कोणतं औषध चालू आणि कोणतं बंद, हे बरं असतानाच कागदावर लिहून घ्यायला हवं. रात्री दोन वाजता उलट्या होत असताना हे आठवत नाही.

साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरायला लागले, घाम फुटला, तर १५ ग्रॅम लगेच विरघळणारी साखर घ्यायची. म्हणजे तीन-चार सपाट छोटे चमचे साखर पाण्यात, किंवा साधारण १५० मिलिलिटर फळांचा रस. १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर तेवढंच पुन्हा. चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही पोटात साखर फुटणं लांबवणारी गोळी चालू असेल तर साधी साखर फुटायला वेळ लागतो, तिथे ग्लुकोजच हवं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे घरातल्या माणसांनाही माहीत असलं पाहिजे, कारण त्या क्षणी रुग्णाची अक्कल चालत नसते, मेंदूलाच साखर पुरत नसते.

इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, हा समज जातच नाही. पायाची जखम चिघळल्यावर किंवा मूत्रपिंडं थकल्यावर ते सुरू झालेलं लोकांनी पाहिलेलं असतं, म्हणून ते इन्सुलिनमुळेच झालं असं वाटतं. टाइप २ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वर्षागणिक कमजोर होत जातात, त्यामुळे औषध वाढणं हा आजाराचा स्वभाव आहे, रुग्णाचा पराभव नाही. आणि एकदा ते सुरू झालं की डोसपेक्षा आधी पोट बघावं. हो, शर्ट वर करून, बोटांनी चाचपून. कित्येक जण महिनोन्‌महिने एकाच जागी टोचतात, कारण तिथे दुखत नाही. तिथे चरबीची मऊ, रबरासारखी गाठ झालेली असते. त्या गाठीतून इन्सुलिन एक दिवस शोषलं जातं, एक दिवस नाही, आणि डोस वाढत जातो. दर वेळी आधीच्या जागेपासून किमान एका बोटाच्या रुंदीएवढं सरकायचं. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो, म्हणून तो बदल डॉक्टरांना सांगूनच करायचा. इन्सुलिनचं पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का बघायचं, बटण पूर्ण दाबल्यावर १० सेकंद सुई आत ठेवायची, आणि सुई पेनला लावून ठेवायची नाही. गढूळ इन्सुलिन तळहातांत १० वेळा घोळवून आणि १० वेळा उलटंपालटं करून सगळीकडे सारखं दुधाळ दिसेपर्यंत हलवायचं, नाहीतर आज निम्मं औषध आणि उद्या दुप्पट असं होतं.

साखरेच्या या धांदलीत रक्तदाब मागे पडतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाचे १९९८ मध्ये आलेले निष्कर्ष बघा. सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ एवढाच रक्तदाब खाली ठेवलेल्या गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी होते. वरच्या आकड्यात फक्त दहाचा फरक. तरीही साखरेची वही ठेवणारे बीपीची वही ठेवत नाहीत.

आता "समजलं का?" च्या जागी काय, ते. एका भेटीत तीनच गोष्टी सांगाव्यात. मग म्हणावं, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, सांगा बरं." चूक सापडली तर ती सांगणाऱ्याची, पुन्हा सोप्या शब्दांत सांगावं आणि पुन्हा विचारावं. पेन असेल तर सांगायला लावू नये, करून दाखवायला लावावं. "रिपोर्ट निगेटिव्ह आला" ऐकून घाबरणारी माणसं असतात, तिथे "तो त्रास नाही" असं म्हणावं. याला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, आणि वेळ नाही ही सबब मला पटत नाही. चुकलेल्या डोसमुळे पुन्हा भरती झालेल्या रुग्णाला त्याहून कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. आणि डॉक्टर विचारत नसतील तर रुग्णाने आपण होऊन म्हणावं, "मला काय कळलंय ते सांगतो, चुकलं तर थांबवा."

शेवटी पाय. बधीर पायाला खडा टोचलेला कळत नाही, चप्पल चावलेली कळत नाही, आणि "दुखत नाही म्हणजे बरं आहे" हा हिशेब तिथे बरोबर उलटा पडतो. रोज रात्री तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा. गरम पाण्यात पाय टाकण्याआधी कोपराने ऊब बघायची. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. आणि तपासायला गेलात की खुर्चीवर बसल्या बसल्या मोजे काढून ठेवा. वर्षभरात कुणी पायांकडे पाहिलं नसेल तर सरळ सांगा, "माझे पाय बघा."