पुन्हा सगळे ब्रेकपॉइंट गेले!

सातपूरला दुपारी वीज गेली, पीसी बंद पडला आणि पीडीबीत, म्हणजे पायथन प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या डीबगरमध्ये, लावलेले ११ ब्रेकपॉइंट (प्रोग्राम चालता चालता थांबवायच्या खुणा) गेले. कधी थांबायचं त्या अटींसकट! दिंडोरीच्या द्राक्षांच्या वजनाचा हिशेब प्रोग्राममध्ये नेमका कुठे चुकतोय, ते शोधायला सकाळपासून बसलो होतो.

या डीबगरमध्ये ‘रीस्टार्ट’ दिलं तर ब्रेकपॉइंट टिकतात, पण बाहेर पडलं की पाटी कोरी. मग म्हणे, डीबगर सुरू होताना वाचतो त्या ‘.पीडीबीआरसी’ फाइलीत लिहून ठेवा. ठेवले की! पण ते ओळ क्रमांकाने. कोडमध्ये वर दोन ओळी वाढल्या की १४२ वरचा थांबा भलत्याच ओळीवर.

अहो, माणूस तासन्‌तास डोकं लावून या खुणा करतो. त्या आपोआप जपून ठेवायला काय हरकत आहे? आता परत पहिल्यापासून लावत बसलोय.